दावतीची देग आणि पावसाचा हिशेब

मृग लागला की येरमाळ्यात आमच्या घरी एकच सवाल असतो: सोयाबीन पेरायचे की थांबायचे? पेरले आणि पावसाने दडी मारली, तर बियाणे मातीत जाते. दुबार पेरणीला पुन्हा उधारी. म्हणून अब्बा रोज मोबाईलवर हवामानाचा अंदाज पाहतात. हा अवाढव्य हिशेब सुपरकॉम्प्युटर करतो.

ऐंशीच्या दशकात भारताला हवे तेवढ्या ताकदीचे यंत्र द्यायला अमेरिकेने नकार दिला. तेव्हा 1988 साली पुण्यात ‘सी-डॅक’ संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. 1991 साली तिथे ‘परम 8000’ तयार झाला. भारताचा पहिला सुपरकॉम्प्युटर म्हणून तो ओळखला जातो.

त्यात एकच बलाढ्य मेंदू नव्हता. ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या अनेक छोट्या चिप एकमेकींना जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेतले होते. वलीम्याच्या स्वयंपाकाचेच पाहा ना. कांदे चिरायला एकीऐवजी दहा जणी बसल्या तर काम झटपट उरकते. पण दहा बावर्ची आले म्हणून बिर्याणीचा दम लवकर होत नाही. कोणते काम वाटता येते, कोणते नाही, हे ओळखणे हीच या संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची खरी कसोटी.

पावसाच्या हिशेबात नकाशाचे चौकोन पाडतात आणि ते चिपांना वाटून देतात. पण ढग चौकोनात अडून राहत नाहीत. बार्शीकडचा वारा कळल्याशिवाय येरमाळ्याचा हिशेब पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर चिपांनी शेजारणींना निरोप द्यावाच लागतो. एकीचा निरोप रखडला, तर बाकीच्या खोळंबतात.

पुढे 2018 साली पुण्यातच, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, ‘प्रत्यूष’ बसला. त्याच्यामुळे सुमारे 12 किलोमीटरच्या चौकोनांवर अंदाज काढता येऊ लागला. तरीही एका चौकोनात कितीतरी शेते येतात. म्हणून अंदाज पाहिल्यावर अब्बा बांधावर जाऊन मातीत बोट खुपसून ओल पाहतातच.

आमची धाकटी मात्र विचारते, ‘‘अब्बा, हे चौकोन आणखी लहान नाही का करता येणार?’’ करता येतील. पण त्यासाठी गणित शिकावे लागेल. भगिनींनो, घरातल्या मुलीने असा सवाल केला, तर तिच्या हातातली वही काढून घेऊ नका.