चिलीतली मिरची आणि आपले लाल तिखट

अमेरिकेतल्या किराणा दुकानात ‘चिली पावडर’ या नावाची बाटली मिळते आणि आपल्याकडच्या लाल तिखटाच्या पाकिटावरही इंग्रजीत तेच दोन शब्द छापलेले असतात. नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत. आपले लाल तिखट म्हणजे वाळलेली मिरची दळून केलेली पूड, तिच्यात दुसरे काही नसते. अमेरिकेतली चिली पावडर हा मसाला आहे. मिरची, जिरे, ओरेगानो आणि लसणाची पूड एकत्र करून तो तयार होतो, बाजारच्या बाटलीत बहुधा मीठही असते, आणि तो एकाच पदार्थासाठी जन्माला आला आहे. तो पदार्थ म्हणजे टेक्ससची चिली. कोल्हापूरकराला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही, कारण त्याच्या घरी ‘चटणी’ म्हणजे कांदा, लसूण, खोबरे, धणे, जिरे घातलेला मिरचीचा मसाला, आणि ती चमचाभर रश्श्यात पडली की दुसरे तिखट लागत नाही. टेक्ससच्या स्वयंपाकघरात चिली पावडरचे स्थान हेच आहे. हे लक्षात न घेता अमेरिकी पाककृतीतले ‘तीन मोठे चमचे चिली पावडर’ लाल तिखटाने मोजले, तर पातेले तोंडात घालवत नाही. उलट ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी घरात त्या बाटलीतली पूड पोह्यांवर भुरभुरली, तर पोह्यांना ओरेगानोचा वास येतो.

हा घोटाळा शब्दांपुरता असता तर एका वाक्यात मिटला असता. त्याच्या मुळाशी एक खोल समजूत आहे, ती ही की मिरची स्वयंपाकात तिखटपणासाठी घालतात. चिलीच्या घरगुती मसाल्याबद्दलचे बहुतेक गैरसमज या एकाच मुळातून फुटले आहेत. पदार्थाचे पूर्ण स्पॅनिश नाव ‘चिली कोन कार्ने’, म्हणजे मांसासह मिरची. नावातच मिरची मुख्य आणि मांस तिच्या सोबतीला आहे. आपल्या रश्श्याला वाटलेले खोबरे किंवा दाण्याचे कूट जे अंग देते, ते या पदार्थात मिरचीचा गर देतो. म्हणून मसाल्यातल्या मिरचीला रंग हवा, दाटपणा हवा, सुकलेल्या फळासारखी किंचित गोडसर चव हवी, आणि तिखटपणा बेताचा हवा. या कामाची मेक्सिकन मिरची म्हणजे आन्चो. पोब्लानो नावाची जाड सालीची मिरची झाडावर लाल पिकवून वाळवली की तिला आन्चो म्हणतात. रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळपट, आणि वासाला मनुकांच्या जवळची. तिखटपणा मोजण्याचे जे माप १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने बसवले, त्यात आन्चो साधारण १,००० ते २,००० भरते, तर केयेन जातीची मिरची ३०,००० ते ५०,०००. म्हणजे चमच्याला चमचा अशी अदलाबदल केली तर तिखटपणा वीस-पंचवीस पट होऊ शकतो, आणि तो कमी करायला मिरची कमी घातली तर पदार्थाचे अंगच जाते.

यावर कोणी म्हणेल की रंग गडद झाला की तिखटपणा आपोआप येतोच, मग आन्चोचे एवढे कौतुक कशाला? रंग आणि तिखटपणा ही मिरचीतली दोन वेगळी रसायने आहेत आणि ती एकमेकांच्या तालावर चालत नाहीत. लाल रंग कॅप्सँथिन आणि त्याच्या भाईबंदांचा. ही गाजराच्या रंगाच्या कुळातली द्रव्ये. तिखटपणा कॅप्सेसिनचा, आणि ते स्वतः रंगहीन असते. आपल्या बाजारातच याचा पुरावा पोत्यांनी पडलेला असतो. बेडगी मिरची गर्द लाल, पण सौम्य. लवंगी मिरची बोटाच्या पेराएवढी, आणि जीभ भाजून काढणारी. रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी आणि तिखटाला लवंगी असे प्रमाण ठरवून मसाला कुटून आणणाऱ्या बायकांना हे रसायनशास्त्र पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. टेक्ससच्या मसाल्याची बांधणी अगदी याच तर्काने होते. अंगासाठी आन्चो, थोड्या आंबटसर झणझणीसाठी ग्वाहीयो, आणि तिखटपणासाठी ‘दे आर्बोल’ नावाच्या बारीक मिरच्या, त्याही दोन-तीनच.

बिया काढल्या की तिखटपणा जातो, ही समजूत आपल्याकडे आहे आणि तिकडेही. कॅप्सेसिन बियांमध्ये तयार होत नाही. ते तयार होते मिरचीच्या आतल्या पांढरट शिरांमध्ये, ज्यांना बिया चिकटलेल्या असतात. बियांना तिखटपणा लागतो तो त्या शेजारातून. बिया काढताना शिराही खरवडून निघतात म्हणून मिरची सौम्य होते, आणि श्रेय बियांना मिळते. तरीही मसाल्यासाठी आन्चोच्या बिया काढाव्यातच, पण कारण वेगळे. बिया दळल्या की पूड कडसर होते आणि रंग फिका पडतो.

आता इतिहासाबद्दलची एक समजूत. हा मसाला मेक्सिकोची शेकडो वर्षांची परंपरा आहे, आणि डबाबंद पूड ही तिची आधुनिक भ्रष्ट नक्कल, असे घरगुती मसाल्याचे पुरस्कर्ते नेहमी सांगतात. मिरची मेक्सिकोची हे खरे, आणि ती तिथे हजारो वर्षांपासून लावली जाते हेही खरे. मिश्र पूड मात्र टेक्ससची आहे आणि ती जन्मली दुकानासाठीच. सॅन अँटोनियो शहराच्या चौकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया संध्याकाळी कंदिलांच्या उजेडात चिली विकत. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘सॅन अँटोनियो चिली स्टँड’ लागला आणि पदार्थाचे नाव टेक्ससबाहेर पसरले. त्याच सुमारास न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेभार्ट हा जर्मनीहून आलेला माणूस उपाहारगृह चालवत होता. स्थानिक मिरची उन्हाळ्यानंतरच्या काढणीच्या वेळीच मिळे, म्हणून चिली हा हंगामी पदार्थ होता. गेभार्टने मेक्सिकोतून आन्चो मागवली, आधी ती खिमा करायच्या घरगुती यंत्रातून तीनदा काढली, पुढे जिरे, ओरेगानो आणि मिरी घालून ती दळली, आणि १८९६ साली सॅन अँटोनियोत कारखाना काढून ‘ईगल’ या नावाने पूड बाजारात आणली. म्हणजे बाटलीतली पूड हा मूळ मसाल्याचा ऱ्हास नाही, तोच मूळ मसाला आहे.

मग घरी करायचाच कशाला, हा आक्षेप येथे रास्त ठरतो, आणि परंपरेच्या नावाने त्याला उत्तर देता येत नाही. उत्तर गेभार्टच्याच कामात आहे. त्याने बाटलीत आन्चो भरली, कारण त्याला मिरचीची चव विकायची होती. आजच्या बाटलीवर बहुधा नुसते ‘मिरची’ लिहिलेले असते. कुठली, किती जुनी, हे कळत नाही. मीठ आधीच मिसळलेले असल्याने मसाला वाढवला की मीठही वाढते, आणि ज्यांना रक्तदाबामुळे मीठ मोजून खायचे आहे त्यांच्या हातात काही उरत नाही. शिवाय जिऱ्याचा वास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. दळले की ती तेले हवेला लागतात आणि महिन्या-महिन्याने ओसरतात. अख्खे जिरे मात्र वर्षभर टिकते. घरी दळण्याचा फायदा हा इतका साधा आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो. टेक्ससमध्ये पुडीलाच नाक मुरडणारा एक पंथ आहे. तो वाळक्या मिरच्या कोमट पाण्यात भिजवून त्यांचे वाटण लावतो. त्यांची बाजू बळकट आहे, कारण वाटणाने येणारा दाटपणा पुडीने येत नाही. पण ताज्या दळलेल्या पुडीत आणि त्या वाटणात जेवढे अंतर आहे, त्याहून ताजी पूड आणि जुनी बाटली यांच्यातले अंतर फार मोठे आहे.

जिऱ्याबद्दल थोडे सांगायला हवे. चिलीला चिलीचा वास येतो तो जिऱ्यानेच, आणि जिरे अमेरिकेचे नव्हे. ते भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडचे, स्पॅनिश लोकांबरोबर समुद्रापार गेलेले. मिरचीने उलटा प्रवास केला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात उतरली. आज जगात सर्वांत जास्त जिरे भारतात पिकते आणि त्याची सर्वांत मोठी पेठ गुजरातेत उंझ्याला आहे.

ओरेगानोत मात्र खरा फसवा मामला आहे. पिझ्झाबरोबर पुडीत येतो तो भूमध्य प्रदेशातला ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला. चिलीत जातो तो मेक्सिकन ओरेगानो वेगळ्याच कुळातला, आपल्याकडे डोंगरउतारांवर माजलेल्या घाणेरीच्या कुळातला. वास दोघांचा जवळपासचा आहे, कारण सुगंधी द्रव्ये थोडीफार सारखी आहेत, पण मेक्सिकन जातीला लिंबाच्या सालीसारखी एक धार असते आणि ती मिरचीपुढे टिकते. या द्रव्यांपैकी थायमॉल ओव्यातही भरपूर असते, मग ओवाच घालावा असे सुचणे साहजिक आहे. ओवा चिमूटभर चालतो. चमचाभर घातला तर पातेल्यात दुसरे काही लागत नाही. मेक्सिकन ओरेगानो नसेल तर पिझ्झाचाच वापरावा, थोडा जास्त, एवढे पुरे. धणे, दालचिनी, लवंग घालून मसाला ‘भारी’ करण्याचा मोह मराठी हाताला हटकून होतो. ओहायोतल्या सिनसिनाटी शहराची चिली दालचिनीचीच असते आणि स्पॅगेटीवर वाढतात. ती तिथे आलेल्या मॅसेडोनियन भावांनी १९२२ साली सुरू केली. ती वेगळी, चांगली वस्तू आहे. टेक्ससच्या मसाल्यात मात्र गरम मसाला आला की आन्चोचा मनुकांसारखा वास सर्वांत आधी दबतो.

प्रमाण असे धरावे. देठ-बिया काढलेली आन्चो ४० ग्रॅम, ग्वाहीयो १५ ग्रॅम, दे आर्बोल दोन-तीन, जिरे १० ग्रॅम, ओरेगानो ४ ग्रॅम, लसणाची पूड ८ ग्रॅम, मीठ नाही. एवढी पूड किलोभर मांसाच्या पातेल्याला चार-पाच मोठे चमचे या हिशेबाने दोनदा पुरते. भारतात आन्चो मिळत नसेल तर बेडगी घ्यावी. रंग आणि सौम्यपणा तिच्यात पुरेपूर आहे. मनुकांचा वास नाही, आणि तो दुसऱ्या कशाने हुबेहूब आणता येत नाही हे मान्य करावे. मिरच्या कोरड्या तव्यावर काही सेकंदच शेकाव्यात, लवचीक होऊन वास सुटेपर्यंत. आपल्या मसाल्यासारख्या काळपट होईपर्यंत भाजल्या तर आन्चोतली साखर जळते आणि पूड कडू होते. जिरे वेगळे भाजावे, कारण त्याला जास्त वेळ लागतो.

घरचे म्हणजे शुद्ध, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. वाळलेल्या मिरचीला ओल लागली की तिच्यावर अफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी येऊ शकते, आणि हे विष तव्यावरच्या भाजण्याने नाहीसे होत नाही. म्हणून मिरची फोडून आतून पाहावी, आणि आत पांढरी-करडी जाळी दिसली तर ती अख्खी टाकावी. विकतच्या पुडीची पारख म्हणून ती पाण्याच्या ग्लासात टाकून रंग उतरतो का ते बघतात. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आणि तळाशी बसणारी विटेची भुकटी त्याने पकडता येते. पण २००५ साली ज्यामुळे ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले, तो ‘सुदान’ रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ग्लासातले स्वच्छ पाणी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. अख्खी मिरची घेऊन घरी दळण्याच्या बाजूचा हा माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

वर्षाचा मसाला चैत्र-वैशाखात करून ठेवण्याची आपली रीत येथे लावू नये. आपला मसाला कडक उन्हात वाळवलेला, बहुतांशी तेलात परतलेला असतो, बरणीत हिंगाचे खडे असतात, आणि तरी वर्षअखेरीस त्याचा रंग उतरलेला असतोच. चिलीची पूड दोन-तीन महिन्यांची करावी आणि काळोखात ठेवावी. उजेड आणि हवा लाल रंगाचे रेणू तोडतात, म्हणून खिडकीतल्या शोभेच्या काचेच्या बरणीत ती सर्वांत लवकर विटते. पातेल्यात घालतानाही एकदम घालू नये. रंग आणि कॅप्सेसिन दोन्ही तेलात विरघळतात, म्हणून अर्धी पूड मंद आचेवर चरबीत किंवा तेलात अर्धा मिनिट परतावी आणि लगेच पाणी घालावे. तास-दोन तासांच्या शिजण्यात जिऱ्या-ओरेगानोचा वास वाफेबरोबर जातो. राहिलेली अर्धी पूड त्यासाठी राखून ठेवावी आणि चिली उतरवायच्या पंधरा-वीस मिनिटे आधी घालावी.