वाढलेलं भोक

बुऱ्हाणपूरच्या जरीमागे भोकांची एक पट्टी असे. चांदीच्या पाशावर सोन्याचा वर्ख चढवायचा आणि केसासारखी तार निघेपर्यंत तो पासा पोलादी जंत्रीतल्या एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढत न्यायचा. सतराव्या शतकात इथे आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने या शहरातून परदेशी जाणाऱ्या तलम, जरतारी कापडाचं वर्णन करून ठेवलं आहे. तार ओढता ओढता जंत्रीचं भोक झिजतं, वाढतं, आणि तार जाड येऊ लागते. मग पट्टी ठोकून भोक आवळायचं आणि टोच्याने पुन्हा मापात आणायचं, हा तार ओढणाऱ्यांचा जुना उपाय.

तोफेच्या बाबतीत ठोकून भागत नसे. जवळच्याच असीरगड किल्ल्यावरची एक मोठी तोफ १६६३ साली बुऱ्हाणपुरात ओतलेली. बत्ती द्यायचं छिद्र, म्हणजे तोफेचा कान, दर बाराला पेटत्या वायूंनी थोडा थोडा खाल्ला जातो. युरोपातल्या तोफखान्यांत असा खाल्लेला कान आधी चांगला मोठा करत, त्यात तांब्याचा तुकडा घट्ट बसवत आणि त्या तांब्यात नवं बारीक छिद्र पाडत. वाढलेलं भोक आणखी वाढवूनच दुरुस्त करायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण आजच्या बुऱ्हाणपुरात यंत्रमागाच्या आधाराने चालणारी लेथची दुकानं याच उफराट्या कामावर उभी आहेत. स्थानिक बोलीत यांना खराद म्हणतात. पुष्कळदा घराची पुढची खोली, एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला लावलेली फळी, एवढाच सगळा संसार.

साध्या यंत्रमागाची क्रँकशाफ्ट मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्याला फणी कापडावर एक ठोका मारते. शाफ्ट ज्या बिडाच्या ब्रॅकेटमध्ये फिरते तिथला बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची बदलता येणारी नळी, त्या ठोक्याच्या दिशेने जास्त झिजतो. बुश वेळेवर बदलला तर प्रश्न नाही. मालक ‘आणखी एक बीम निघू दे’ म्हणत राहिला की बुश संपतो, शाफ्ट थेट बिडावर घासू लागते आणि ब्रॅकेटचं भोक लांबट होतं. मग ठोका एकसारखा पडत नाही, कापडावर आडवे पट्टे दिसतात, व्यापारी भाव पाडतो. तेव्हा कुठे ब्रॅकेट लेथवर येतं.

इथे पहिला मोह ड्रिलचा होतो. भोक ३२ चं असेल तर ३५ चं ड्रिल घाला, काम संपलं! पण ड्रिल आंधळं असतं. समोर आधीच भोक असेल तर ते त्याच्याच मागे जातं. भोक लांबट असेल तर जिथे धातू कमी तिकडे ढकललं जातं. गनमेटल किंवा पितळेत तर आणखी धोका: भोक मोठं करताना ड्रिलची तीक्ष्ण धार धातूत स्क्रूसारखी घुसते आणि जॉब, म्हणजे कातायची वस्तू, हातातून हिसकावून घेते. म्हणून जाणता माणूस पितळेसाठीच्या ड्रिलची धार खड्यावर किंचित मारून बोथट करतो. दुसरा मोह रीमरचा. त्याचं काम सुबक, भिंत आरशासारखी, माप नेमकं. पण तोही जुन्या भोकाचाच अनुयायी. वीस मिमीच्या भोकात दोन-तीन दशांश मिमी धातू ठेवून रीमर घातला की तो गोलाई आणि माप देतो, जागा सुधारत नाही. वाकड्या भोकात घातलेला रीमर गुळगुळीत वाकडं भोक देतो.

बोअरिंग टूलला मात्र जुन्या भोकाशी देणंघेणं नसतं. लेथवर जॉब फिरतो आणि टूल एका ठरलेल्या रेषेत आत जातं. भोकाचा मध्य कुठे असेल ते जॉब कसा पकडला यावर ठरतं, आधी तिथे काय होतं यावर नाही. सुरुवातीचे काही कट एकाच बाजूला लागतात, अर्ध्या फेऱ्यात खरखर आणि अर्ध्यात शांतता. हा आवाज गोल होत गेला की समजायचं, झिजलेली बाजूही कटात आली.

प्रश्न उरतो जॉब कुठे धरायचा याचा, आणि माझ्या मते सगळी अक्कल इथेच लागते. चार जबड्यांच्या चकात ब्रॅकेट बांधून डायल गेज लावला आणि लांबट भोकाचा सरासरी मध्य काढला, तर काम चुकलंच. समजा भोक एका बाजूला ०.६ मिमी खाल्लं आहे. सरासरी मध्य त्या बाजूला ०.३ मिमी सरकलेला असणार. क्रँकशाफ्टवरचं गिअर खालच्या शाफ्टवरच्या दुप्पट दातांच्या गिअरशी जुळलेलं असतं. मध्य सरकला की तो मेळ बिघडतो, आणि मशीन दुरुस्तीनंतरच जास्त ओरडू लागतं. म्हणून डायल फिरवायचा तो भोकाच्या तोंडाशी उरलेल्या, न झिजलेल्या पट्टीवर. तशी पट्टी उरली नसेल तर ब्रॅकेटचा तळ आणि बोल्टची भोकं यांवरून मूळ मध्य काढायचा. याला लागणारा वेळ बिलात कधी दिसत नाही.

मग टूल. ते धरणारा बोअरिंग बार जेवढा बाहेर तेवढा तो वाकतो, आणि हिशेब सरळ चालत नाही: बाहेर काढलेली लांबी दुप्पट झाली की वाक आठपट, जाडी निम्मी केली तर सोळापट. पोलादी बार त्याच्या जाडीच्या चौपटीपलीकडे बाहेर काढला की टूल थरथरतं, भिंतीवर लाटा उठतात आणि भोक आत निमुळतं होतं. यावर महागड्या टूलपेक्षा जाड, आखूड बार हा स्वस्त उपाय आहे. बिडाला बाहेरून कडक साल असते आणि तिच्यात ओतकामाची वाळूही. नाजूक कट घेतला तर टूल त्या सालीवर घासून मरतं; पहिला कट सालीच्या खाली जाईल एवढा खोलच घ्यावा. शेवटी मात्र कटाची खोली न बदलता तेच टूल पुन्हा एकदा आतून फिरवायचं. आधी वाकलेला बार आता सैलावलेला असतो, तो भिंतीवरून थोडी बुकणी आणखी काढतो.

ब्रॅकेट चकात मावत नसेल किंवा दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत हवी असतील, तर दुसरी पद्धत. जॉब लेथच्या कॅरेजवर बांधायचा, बार दोन सेंटरमध्ये धरून फिरवायचा आणि बारच्या मधोमध खाचेत टूलचा तुकडा अडकवायचा. माप घ्यायला बोअर गेज नसला तरी अडत नाही. बार २५ मिमी आणि भोक ३५ मिमी हवं असेल, तर बारच्या पाठीपासून टूलच्या टोकापर्यंत मायक्रोमीटरने ३० मिमी यायला हवेत. टोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने हललं तर भोक त्याच्या दुप्पट वाढतं, एवढं ध्यानात ठेवायचं. दोन टोकांना धरलेला बार ही युक्ती इंग्लंडच्या जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास सिलिंडरसाठी वापरली. तोवर जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन वाफ गाळत बसलं होतं, कारण पुरेसा गोल सिलिंडर कुणालाच करता येत नव्हता. विल्किन्सनने पन्नास इंच व्यासाचा सिलिंडर कातला तेव्हा त्यातली चूक जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा कमी असल्याचं वॉटचा भागीदार बोल्टन कौतुकाने लिहितो. आज बुऱ्हाणपुरातला कुठलाही खरादवाला त्या शिलिंगला हसेल. २५ मिमीच्या भोकाला एच-७ हे नेहमीचं माप लावलं तर सगळी मुभा मिळून २१ मायक्रॉन.

या मुभेत उष्णताही आपला वाटा मागते. १७९८ मध्ये रम्फर्ड या शास्त्रज्ञाने म्युनिकच्या तोफा कातताना निघणाऱ्या उष्णतेवर निबंध प्रसिद्ध केला. बोथट टूल घासून त्याने अडीच तासांत पाणी उकळून दाखवलं होतं. घरच्या लेथवर पाणी उकळत नाही, पण नुकताच कातलेला जॉब तीस अंशांनी तापलेला असेल तर ३५ मिमीचं भोक साधारण ०.०१ मिमी मोठं दिसतं. थंड झाल्यावर बुश शिरत नाही आणि दोष मायक्रोमीटरला लागतो. ॲल्युमिनियमच्या घरात पोलादी बेअरिंग बसवायची तर बुऱ्हाणपूरचा मे आणि जानेवारी यांतही फरक पडतो, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि आकसतं.

एक सवलत मात्र दुरुस्तीच्या कामात आहे, आणि नवीन शिकणाऱ्यांना ती उशिरा कळते. ब्रॅकेटचं भोक ३५.०० च यायला हवं असं नाही. ३५.०७ आलं तरी चालेल. ते गोल, सरळ आणि मूळ मध्यावर हवं. आकडा बुशने जुळवायचा. बुशची बाहेरची बाजू भोकापेक्षा तीन-चार शतांश मिमी मोठी ठेवायची, म्हणजे तो दाबून बसवल्यावर फिरत नाही. बाहेरची कडा कातणं भोकापेक्षा कितीतरी सोपं, मोजणंही सोपं. पण दाबला की बुश आतून आवळतो. शाफ्टच्या मापाचा करून ठेवलेला बुश दाबल्यावर शाफ्टच आत जात नाही. म्हणून आत थोडा धातू ठेवायचा, बुश दाबायचा आणि मगच तिथे रीमर चालवायचा. आता पुढे सरळ, मध्यावरचं भोक आहे. रीमरचं आंधळेपण इथे उपयोगी पडतं.

काम झाल्यावर नीटनेटका माणूस ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला आकड्यांच्या पंचाने ३५.०७ ठोकून ठेवतो. पुढच्या वेळी बुश झिजला की ब्रॅकेट लेथवर चढवावं लागत नाही. मालक फक्त आकडा सांगतो आणि बुश संध्याकाळपर्यंत तयार होतो.