गर्दीचे पैसे आणि विजेची गाडी

आज आपण लंडन शहरातल्या एका नियमाबद्दल बोलणार आहोत. लंडनशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण रस्ता सगळ्यांचा असताना त्याचे पैसे कुणी भरायचे आणि सवलत कुणाला द्यायची, हा प्रश्न आपल्याही गावाशहरात येतोच. म्हणून दुसऱ्यांनी तो कसा सोडवला, ते आधी समजून घेऊ.

लंडनच्या मध्यभागी सुमारे २१ चौरस किलोमीटरचा एक भाग आहे. दिवसा तिथे गाडी घेऊन शिरायचे तर पैसे भरावे लागतात. याला आम्ही ‘गर्दीशुल्क’ म्हणू. १७ फेब्रुवारी २००३ रोजी ते सुरू झाले, तेव्हा दिवसाला ५ पौंड होते. २ जानेवारी २०२६ पासून ते १८ पौंड झाले आहे, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास. सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी सहा, आणि शनिवार-रविवारी दुपारी बारा ते सहा, अशी त्याची वेळ आहे. नाक्यावर कुणी अडवत नाही. रस्त्यावरचे कॅमेरे गाडीचा नंबर टिपतात.

इथे टोल आणि गर्दीशुल्क यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. टोल हा रस्ता किंवा पूल बांधायला झालेला खर्च वसूल करण्यासाठी असतो. गर्दीशुल्क लोकांनी गाडी घरी ठेवावी, बसने किंवा रेल्वेने यावे, यासाठी असते. त्यातून उरलेला पैसा तिथल्या कायद्याप्रमाणे वाहतुकीच्या कामांवरच खर्च करावा लागतो. त्यातला मोठा वाटा बससेवेवर गेला.

आता विजेच्या गाडीकडे येऊ. लोकांनी धूर न सोडणाऱ्या गाड्या घ्याव्यात म्हणून लंडनने अशा गाड्यांना शुल्क माफ केले. पण ‘स्वच्छ गाडी’ कुणाला म्हणायचे, याची व्याख्या दर काही वर्षांनी कडक करावी लागली. २०११ मध्ये कमी कार्बन वायू सोडणाऱ्या छोट्या डिझेल गाड्यांनाही माफी मिळत होती. लोकांनी त्याच गाड्या घ्यायला सुरुवात केली, म्हणून २०१३ मध्ये अट बदलली. पुढे ऑक्टोबर २०२१ पासून फक्त बॅटरीवरच्या आणि हायड्रोजनवरच्या गाड्याच माफीला पात्र राहिल्या.

मग विजेच्या गाड्या वाढल्या. २०१९ मध्ये लंडनमध्ये त्या २० हजारांच्या घरात होत्या, त्या २०२५ पर्यंत एक लाखाच्या पुढे गेल्या. सवलतीने तिचे काम केले. पण विजेची गाडी धूर सोडत नसली तरी रस्त्यावरची जागा तेवढीच अडवते. तिच्यामागे बस अडकते, आणि त्या बसमध्ये कामाला निघालेल्या चाळीस-पन्नास बायाबापड्या असतात. माफी तशीच राहिली असती तर या भागात रोज दोन हजारांहून जास्त गाड्या वाढतील, असा तिथल्या वाहतूक खात्याचा अंदाज होता. म्हणून २५ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण माफी संपली.

नव्या नियमात विजेच्या कारला २५ टक्के सवलत आहे, म्हणजे ती १३ पौंड ५० पेन्स भरते. विजेच्या मालवाहू व्हॅनला ५० टक्के, म्हणजे ९ पौंड. व्हॅनला जास्त सवलत, कारण भाजी, औषधे, सामान बसमधून नेता येत नाही. ही सवलत आपोआप मिळत नाही. गाडीची नोंद करून खात्यातून पैसे आपोआप कापले जाण्याची सोय घ्यावी लागते. ती नसेल तर विजेच्या गाडीलाही पूर्ण १८ पौंड पडतात. मार्च २०३० पासून या सवलती निम्म्या होणार आहेत, हेही आधीच जाहीर केले आहे. त्यामुळे आज गाडी घेणाऱ्याला पुढचा हिशेब मांडता येतो.

आता दंड. आपल्या गटात हप्ता वेगळा आणि हप्ता चुकवल्याचा दंड वेगळा, तसेच तिथेही आहे. शुल्क ठरलेल्या मुदतीत भरले नाही तर १८० पौंडांची नोटीस येते. १४ दिवसांत भरले तर निम्मे, ९० पौंड.

याशिवाय जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर दिवसाला १२ पौंड ५० पेन्स असे वेगळे शुल्क आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते जवळपास संपूर्ण लंडनला लागू झाले. म्हणजे जुनी डिझेल कार घेऊन दिवसा मध्यभागी गेलेल्या माणसाला दोन्ही मिळून ३० पौंड ५० पेन्स पडतात. जुनी गाडी बहुतेक वेळा कमी मिळकतीच्या घरातच असते. यावरून तिथे मोठा वाद झाला. जुनी कार मोडीत काढणाऱ्यांना २ हजार पौंडांपर्यंत मदत देण्याची योजना आली. दिव्यांगांना गर्दीशुल्कात पूर्ण माफीही आहे.

आपल्या राज्यात असे गर्दीशुल्क अजून कुठे नाही. उलट मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल नाही, आणि अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या कार आणि बसना टोलमाफी आहे. आपण सध्या लंडनच्या पहिल्या पायरीवर आहोत, असे आम्हाला वाटते.

उद्या आपल्या शहरात असा नियम आला, तर बायांनी सभेत उठून चार गोष्टी विचाराव्यात. जमलेला पैसा बसवर खर्च होणार का? सवलत किती वर्षांसाठी आहे? टेंपोवर पोट असणाऱ्यांचे काय? आणि ज्यांना मोबाइलवरून नोंदणी जमत नाही, त्यांची सोय कुठे? गाडी आपली नसली, तरी बसची वाट बघत थांब्यावर आपणच उभ्या असतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.