मुकादमाच्या आधी

कशेळ्याच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथे जीप थांबते. "वर चढणार न्हाय गाडी," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणतो. श्रावणातली सर येऊन गेली आहे, वाट लाल चिखलाची. बाप उतरतो. त्याच्या हातांत टॉवेलात गुंडाळलेलं बाळ आहे, अकरा दिवसांचं. वजन कमी होतं म्हणून मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. पहाटे गेलं.

भाडं अठराशे. बाप खिशातून भिजक्या नोटा काढतो, सहाशे भरतात. आजारी तान्ह्याला दवाखान्यात नेण्याची गाडी सरकारी योजनेत फुकट आहे, आणि ती मिळालीही होती. जीव गेल्यावर मात्र 108 ची गाडी उपयोगाची नाही. शववाहिकेची वाट बघत दिवस काढण्यापेक्षा माणसं खासगी जीप करतात, आणि खर्च तिथूनच सुरू होतो.

तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. लाकडं लागत नाहीत. पण पांढरं कापड लागतं, मीठ लागतं, हळद-कुंकू लागतं, आलेल्या पाहुण्यांना भात लागतो. चौककडच्या वाडीतून बाळाचा मामा पोचतो तो पाठीवर तांदूळ घेऊनच. लावणी उरकली आहे. आता भातकापणीपर्यंत कातकऱ्याच्या हातात रोकड नसते.

हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तो माणूस मोटारसायकल खाली लावून वर येतो. भट्टीचा मुकादम. ओट्यावर टेकतो, दोन शब्द सांत्वनाचे बोलतो आणि म्हणतो, "पाच हजार ठेव. दिवाळीनंतर भट्टीवर फिटंल."

"बघतो शेठ," बाप म्हणतो. मान वर करत नाही.

ही उचल घेतली की नवरा-बायको पावसाळा तोंडावर येईपर्यंत विटा पाडणार, आणि हिशेब मुकादमाच्या वहीत राहणार. वेठबिगारी कायद्याने 1976 साली बंद झाली. तरी 2021 मध्ये पालघरच्या मोखाड्यात, मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी एका कातकरी बापाला राबवून घेतल्याचा गुन्हा नोंदवावा लागला. त्या बापाने तोवर जीव दिला होता. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या घराला वीस हजार मिळतात, पण मेलेला माणूस 18 ते 59 वयाचा आणि घरचा कमावता असावा लागतो. शेजारच्या खालापुरात 2023 साली इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वारसांना पाच लाख जाहीर झाले, ते व्हायलाच हवे होते. एकट्या घरातलं एकटं बाळ गेलं तर दारात पहिला मुकादम उभा राहतो. मला हे सहन होत नाही.

आत आईला दूध आलं आहे. पोलकं ओलं झालंय, ती पदर ओढून ओढून घेते. आशाताई तिच्याजवळ बसून कानात सांगते, "पिळून काढू नको गं सारखं. गार पाण्याची घडी ठेव. ताप आला, गाठ झाली तर मला रात्री पण उठव."

बाहेर बचत गटाच्या काकी पत्र्याची पेटी घेऊन येतात. पेटीला तीन कुलपं, चाव्या तिघींकडे. तिसरी चावी नाल्यापलीकडून येईपर्यंत सगळे थांबतात, मुकादमही. मग काकी मोजून दोन हजार बापाच्या हातात ठेवतात.

"व्याज किती, काकी?"

"व्याज न्हाय. परत बी द्यायचं न्हाय. आधी जीपवाल्याचं दे."

मुकादम चहा न घेता उठतो.

दुपारी माती देऊन पुरुष परततात तेव्हा बायका अजून ओट्यावरच आहेत. वहीत ठराव चढतो आहे. सही येणारी एकच पोरगी लिहिते, बाकीच्या अंगठ्यासाठी बोटं पुसून बसल्या आहेत. यापुढे वाडीतलं कुणाचंही मूल दगावलं तर दवाखान्यातूनच काकींना फोन करायचा, गाडी ठरवायच्या आधी. भाडं पेटीतून. "बाळंतपणातच गेलेलं पण धरायचं का?" मागून कुणीतरी विचारतं.

"लिही गं," काकी म्हणतात, "ते पण."