चढावरचे इंजिन आणि त्याचे ऑईल

ऑफ-रोड गाडीच्या इंजिनाला ऑईल निवडताना पहिला विचार उष्णतेचा करावा लागतो. हमरस्त्यावर वेगाने धावणाऱ्या गाडीला समोरून सतत वारा मिळतो. तो रेडिएटरमधून जातो, इंजिनाखालच्या ऑईलच्या चेंबरलाही लागतो आणि बरीचशी उष्णता घेऊन जातो. सह्याद्रीतल्या एखाद्या दगडी चढावर हीच गाडी फोर-लोमध्ये माणसाच्या चालीने चढते. इंजिन मिनिटाला तीन-तीन हजार फेरे घेत असते, गाडी मात्र ताशी पाच-सात किलोमीटरनेच पुढे सरकते. वारा जवळजवळ नसतोच, सगळी भिस्त पंख्यावर. रेडिएटरमधले पाणी थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून नव्वद-शंभर अंशांच्या आसपास सांभाळतात, पण ऑईलचे तापमान त्या मर्यादेत राहील याची हमी कोणीच देत नाही. डॅशबोर्डवर पाण्याचा काटा मध्यावर शांत उभा असताना ऑईल १२० अंशांच्या पुढे गेलेले असू शकते, आणि बहुतेक गाड्यांत ते दाखवणारा काटाच नसतो.

ऑईल तापले की दोन गोष्टी होतात. ते पातळ होते, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया वेगाने होऊ लागते. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की ही प्रक्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते. तिच्यातून आम्ले, चिकट गाळ आणि पिस्टनच्या रिंगांमध्ये अडकून बसणारा काळा थर तयार होतो. टर्बोचे बेअरिंग तर याहून तापते. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद केले, की तिथे थांबलेले ऑईल जागच्या जागी करपते. सिंथेटिक ऑईलचा खरा उपयोग इथे आहे: ते उशिरा करपते, आणि तापल्यावर मिनरल ऑईलइतके पातळ होत नाही.

मात्र डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या शब्दात जेवढे दिसते तेवढे भरलेले नसते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय ही संस्था मूळ तेलांचे पाच गट करते. पहिल्या दोन गटांत साधी मिनरल तेले येतात. तिसऱ्या गटातले तेलही खनिज तेलापासूनच बनते, पण हायड्रोजनच्या साहाय्याने त्याच्या रेणूंची इतकी उलथापालथ केलेली असते की त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्याहून वर जातो. तापमान बदलले तरी दाटपणा किती कमी बदलतो, हे या आकड्यावरून कळते. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा, म्हणजे छोटे रेणू जोडून घडवलेल्या तेलाचा. एस्टर आणि उरलेली सगळी तेले पाचव्या गटात. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला होता. १९९९ साली तिथल्या जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून बाजारात ‘फुल्ली सिंथेटिक’ नावाने मिळणारे बरेचसे ऑईल तिसऱ्या गटाचेच असते. त्यात फसवणूक झाली असे मानण्याचे कारण नाही, कारण आजचे चांगले तिसऱ्या गटाचे तेल बहुतेक इंजिनांना पुरून उरते. ‘सेमी सिंथेटिक’चा अर्थ मात्र फारच सैल आहे. त्यात सिंथेटिक भाग किती असावा याचे कुठलेही सर्वमान्य प्रमाण नाही.

म्हणून डब्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा आकडे वाचावेत. ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ ही ग्रेड एसएई या संस्थेच्या जे-३०० मानकानुसार ठरते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यू ऑईलमध्ये इंजिन फिरू शकते का याची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर. निफाडला पारा पाचाच्या खाली घसरला की महाराष्ट्रात बातमी होते, आणि त्या थंडीतही १५डब्ल्यू ऑईलला काही अडचण येत नाही. लडाखची गोष्ट निराळी. द्रासला हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली जाणे नित्याचे आहे, तेव्हा तिथे हिवाळ्यात मुक्काम करणाऱ्या गाडीला ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू हवे. उन्हाळ्यात खिंडी ओलांडून परतणाऱ्या गाडीला याची गरज सहसा पडत नाही. खिंडीची उंची इंजिनाची ताकद कमी करते, पण ऑईलची ग्रेड उंचीवरून ठरत नाही.

डॅशनंतरचा आकडा तापलेल्या ऑईलचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतो, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. ही मोजणी संथ वाहणाऱ्या ऑईलवर होते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधल्या केसाहून बारीक फटीत ऑईल १५० अंशांपर्यंत तापते आणि प्रचंड वेगाने ओढले जाते. तिथे ते किती टिकते हे सांगणारा आकडा एचटीएचएस या नावाने ओळखला जातो. ऑफ-रोड गाडीसाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, आणि डब्यावर तो जवळजवळ कधीच छापलेला नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तांत्रिक माहितीपत्रकात तो सापडतो. मानकानुसार २० ग्रेडला किमान २.६, ३० ग्रेडला किमान २.९, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ आणि १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ सेंटिपॉइज लागतात. गंमत अशी, की सगळे ३० ग्रेड सारखे नसतात. युरोपातल्या एसीईए संघटनेच्या सी-२ वर्गातले ५डब्ल्यू-३० हे २.९ वर भागते, सी-३ वर्गातल्या ५डब्ल्यू-३० ला मात्र किमान ३.५ गाठावेच लागतात. गाडीचे पुस्तक ५डब्ल्यू-३० सांगत असेल आणि दोन्ही वर्ग चालत असतील, तर चढ आणि वाळू तुडवणाऱ्या गाडीला सी-३ घेणे शहाणपणाचे.

मग आणखी जाड का नको, असा प्रश्न इथे येतोच. गॅरेजमध्ये ‘ऑफ-रोडला जाड ऑईलच भरा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. जाड ऑईलचा थर जाड असतो, पण ते फटीतून हळू वाहते, म्हणून बेअरिंगमधली उष्णता कमी वाहून नेते, आणि सिलिंडर हेडमधून खाली चेंबरमध्ये परतायलाही वेळ घेते. अलीकडच्या पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑईलच्या दाबावर चालते. तिथे भलतेच जाड ऑईल घातले की इंजिन अडखळते. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारखी पातळ ऑईल प्रामुख्याने इंधन वाचवण्यासाठी आली, हे खरे. तरीही ग्रेड बदलायची ती पुस्तकातल्या तक्त्यात दिलेल्या पर्यायांमध्येच. वॉरंटीतल्या गाडीबाबत तर हा प्रश्नच उद्भवू नये.

ग्रेड ठरली तरी निवड अर्धीच झाली. उरलेली अर्धी इंजिनाच्या जातीवर ठरते, आणि चूक झाली तर जास्त महाग पडते ती इथलीच. नाशिकला बनणारी महिंद्रा थार २०२० साली नव्या रूपात आली तेव्हा तिला दोन इंजिने दिली गेली: दोन लिटरचे टर्बो पेट्रोल आणि २.२ लिटरचे डिझेल. गाडी तीच, पण दोघांना ऑईलकडून हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या.

टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त ओझे ओढू लागले, की कधी कधी ठिणगी पडण्याआधीच आत स्फोट होतो. ऑफ-रोडला असे ओझे नेहमीचेच. हा अवेळी स्फोट पिस्टन फोडू शकतो. ऑईलचे थेंब आणि त्यातले कॅल्शियमचे क्षार त्याला हातभार लावतात, असे आढळल्यावर २०१८ साली एपीआयने एसएन प्लस आणि २०२० साली एसपी हा दर्जा आणला. अशा इंजिनाला एसपी किंवा त्यानंतरचाच दर्जा पाहावा. जुन्या साठ्यातले एसएन ऑईल कितीही सिंथेटिक असले तरी इथे उपयोगाचे नाही.

डिझेलची अडचण धुराच्या नळीत असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले, आणि डिझेल एसयूव्हींमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. काजळी त्यात जाळून टाकता येते. पण इंजिनात थोडे थोडे ऑईल जळतच असते, आणि त्यातल्या धातूंच्या क्षारांची राख त्या फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणून डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचेच ऑईल हवे. एसीईएच्या सी-२ आणि सी-३ वर्गांत ही राख ०.८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. जुन्या डिझेलमध्ये गंधक जास्त असे, त्यातून होणारे आम्ल मारायला क्षार भरपूर लागत. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत चाले, आता मर्यादा १० भागांची आहे. त्यामुळे जुन्या गाड्यांसाठीचे राखट ऑईल नव्या गाडीला चांगले ठरेल, हा समज सोडून द्यावा.

डीपीएफचा आणखी एक त्रास आहे. काजळी जाळायला गाडी काही काळ सलग पळावी लागते. दिवसभर चिखलात रखडणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारत राहते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये उतरते. ऑईल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर चढलेले दिसले, तर आनंद मानू नये. ते ऑईल पातळ झालेले असते आणि बदलावेच लागते.

बीएस-६ च्या आधीच्या, आणि त्याहूनही जुन्या एमएम-५४० सारख्या प्यूजो घराण्यातले डिझेल इंजिन असलेल्या जीपांचे गणित साधे आहे. त्यांना १५डब्ल्यू-४० ग्रेडचे, एपीआय सीआय-४ दर्जाचे मिनरल ऑईल लवकर लवकर बदलत राहणे महाग सिंथेटिकपेक्षा जास्त मानवते. अशा इंजिनात बऱ्याचदा ऑईल गळत किंवा जळत असते. दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर वर ओतावे लागत असेल तर सिंथेटिकचे पैसे धुरातून बाहेर जातात. सिंथेटिक ऑईल सील खाते, ही भीती मात्र जुनी आहे. सुरुवातीच्या काळात शुद्ध पॉलिअल्फाओलेफिनने रबरी सील थोडे आक्रसत. पुढे त्यात एस्टर मिसळून तो दोष काढला गेला. आता सिंथेटिक भरल्यावर गळती दिसली, तर ती बहुधा गाळाने बुजलेली जुनीच भेग असते, गाळ धुतला गेल्यावर उघडी पडलेली.

मोटरसायकल आणि एटीव्ही यांचा हिशेब वेगळा. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. कारच्या ऑईलमधली घसरण वाढवणारी रसायने त्या क्लचच्या प्लेटा घसरवतात. तिथे जपानच्या जासो मानकातली एमए किंवा एमए-२ ही खूण असलेलेच ऑईल चालते. शिवाय गिअरच्या दातांत ऑईलमधले दाटपणा राखणारे लांब रेणू कातरले जातात आणि ४० ग्रेड काही हजार किलोमीटरांत ३० सारखी वागू लागते. या कामी चांगल्या सिंथेटिकचा फायदा चारचाकीपेक्षाही ठळक दिसतो.

ऑईल कितीही उत्तम असले तरी ते पंपाच्या तोंडापर्यंत पोचले पाहिजे. तीव्र उतार-चढावर चेंबरमधले ऑईल एका टोकाला जमते आणि पंपाची जाळी उघडी पडते. पंप हवा ओढू लागला की काही सेकंदांत बेअरिंग कोरडे पडते. यावर उपाय म्हणजे पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवणे. त्याच्या वर नको. जादा ऑईलमध्ये क्रँक बुडून फेस घुसळतो, आणि फेसाला दाब टिकवता येत नाही. चढावर दाबाचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे, पुढचा दगड पार करण्याचा मोह टाळावा.

पाण्याचे संकट वेगळे. गोव्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत गाड्या बॉनेटपर्यंत बुडतात. इंजिनात पाणी शिरले की डिपस्टिकवर चहासारखे गढूळ, दुधी ऑईल दिसते. तेव्हा इंजिन न फिरवता ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. गिअरबॉक्स आणि दोन्ही एक्सलचे ऑईलही तपासावे, कारण त्यांच्या श्वासनळ्या बहुधा आधी बुडतात. फक्त भरण्याच्या झाकणाखाली थोडी दुधी साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असली, तर ती थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे साठलेली वाफ असते.

सिंथेटिक ऑईल जास्त टिकते म्हणून बदलायची मुदत ताणायची, हे गणित इथे लागू पडत नाही. सिंथेटिकची ताकद उष्णतेविरुद्ध आहे. धूळ, पाणी आणि इंधन त्यालाही मिनरलइतकेच बिघडवतात. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात कठीण वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. ऑफ-रोड गाडीने तीच पाळावी. विकत घेताना सीलबंद डबा अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन घ्यावा, आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, कारण नामांकित कंपन्यांच्या जुन्या डब्यांत बनावट ऑईल भरून विकले जाते.

इंजिनाची नेमकी अवस्था कळायची असेल तर काढलेल्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. अहवालात लोखंड वाढलेले असेल तर आत झीज होते आहे. त्याच्यासोबत सिलिकॉन वाढलेले असेल तर बाहेरची धूळ आत येते आहे. अशा वेळी अधिक महाग ऑईल घेण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडून त्याचे रबरी सील, पाइप आणि क्लिपा पाहाव्यात. झिजवणारी वाळू बहुतेक वेळा तिथूनच शिरलेली असते.