लिथियमची गोळी आणि विदर्भाचे ऊन

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात पाणी सगळ्यांनाच लागते. पण एखादा विद्यार्थी लिथियमच्या गोळ्या घेत असेल, तर त्याच्यासाठी पाणी हा उपचाराचाच भाग असतो. तो कसा?

द्विध्रुवी भावविकार बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो. काही काळ मूल झोपेवाचूनही उत्साहाने भारलेले, बडबडे, चिडखोर असते. मग कित्येक आठवडे खिन्न. हा संस्कारांचा दोष नव्हे. उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो, असे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. भावनांची ही टोके आटोक्यात ठेवण्यासाठी आजही ते दिले जाते.

आवर्तसारणीत लिथियम सोडियमच्या थेट वर आहे. दोघांच्याही आयनांवर एकच धनभार असतो. त्यामुळे मूत्रपिंड गाळलेले सोडियम रक्तात परत घेते, तेव्हा लिथियमही बरोबर परत येते. घाम, उलट्या किंवा जुलाब यांनी शरीरातले पाणी आणि मीठ घटले, की मूत्रपिंड सोडियम अधिक राखून ठेवते, आणि त्यासोबत लिथियमही. गोळ्या तितक्याच, पण रक्तातले औषध मात्र वाढलेले!

येथे चूक करायला जागा थोडी आहे. रक्तातली पातळी सामान्यतः दर लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल राखतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका असतो. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर सुमारे १२ तासांनी रक्त घेऊन पातळी तपासतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्याही तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. अल्लीपूरच्या पालकांना यासाठी सेवाग्राम किंवा सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते.

घरी काय सांभाळावे? गोळ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात असाव्यात. जेवणातले मीठ एकाएकी कमी-जास्त करू नये. अंगदुखीवर आयबुप्रोफेन परस्पर देऊ नये. त्यानेही लिथियमची पातळी वाढते. उलट्या-जुलाब, हातांना जोराचा कंप, अडखळते बोलणे किंवा झोकांड्या जाणे दिसले, तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठावे. आणि ‘आता बरा आहे’ म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. ते अचानक थांबवल्यास आजार उलटण्याची भीती असते, आणि त्यासोबत आत्महत्येचा धोकाही.

शाळेचे काम सोपे, पण मोलाचे आहे. लिथियममुळे तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. तेव्हा तासाला मध्येच पाणी पिणारा, बाहेर जाण्याची परवानगी मागणारा मुलगा शिस्त मोडत नसतो. त्याला कारण न विचारता जाऊ द्यावे, कवायतीत सावलीत बसू द्यावे आणि त्याच्या आजाराची वर्गात वाच्यता करू नये. पालकांना सल्ला हवा असल्यास ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. शाळेच्या फलकावर तो सर्वांसाठीच लिहून ठेवता येईल.