चार ओळींचा निवाडा



नवा चित्रपट लागला कीं घराघरांतून पहिला प्रश्न निघतो तो "कसा आहे?" हाच. या प्रश्नाचीं उत्तरें दोन तऱ्हांचीं असतात. एक उत्तर म्हणजे भारदस्त लेख. कथानक, संवाद, छायालेखन, अभिनय, संगीत यांचा त्यांत क्रमवार विचार असतो, आणि चित्रपट पाहून आल्यावर तो वाचण्यांत खरी गोडी असते. दुसरें उत्तर चार ओळींचें, आणि तें तिकीट काढण्यापूर्वीं हवें असतें. पहिल्यास टीका म्हणावें, दुसऱ्यास निवाडा. आज बोलावयाचें आहे तें या निवाड्याविषयीं. साहित्यिक मंडळींत त्याची प्रतिष्ठा बेताचीच आहे. परंतु व्यापाऱ्याचा पैसा व टीकाकाराचें स्वातंत्र्य यांची झटापट जितकी या चार ओळींवरून झाली तितकी मोठमोठ्या प्रबंधांवरून झालेली नाहीं. एवढ्यासाठीं तरी त्याच्याकडे लक्ष दिलें पाहिजे.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंत वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं तेव्हां निवाड्याचा प्रश्नच नव्हता. एक रुपया द्यावयाचा आणि आगगाडी स्टेशनांत कशी येते तें तोंडांत बोट घालून पाहावयाचें! निवड करण्याची सोय झाली म्हणजेच निवाड्याची गरज पडते. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत दरसाल शेंकडों चित्रपट निघूं लागले आणि वाचकाला लेख वाचण्यास सवड उरेना. ३१ जुलै १९२८ रोजीं न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वृत्तपत्रांत आयरीन थायरर या टीकाकार बाईंनीं 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' नांवाच्या चित्रपटास एक तारका दिली. पूर्ण गुण तीन तारकांचे होते. प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत ही खूण पूर्वींपासून होती. चित्रपटांना ती लावण्याची चाल मात्र येथून पडली, असें सामान्यतः मानतात. तो चित्रपट आज कोणाच्या स्मरणांत नाहीं. तारका राहिली.

निवाडा लिहिणें सोपें वाटतें, पण तें तसें नाहीं. हा चित्रपट कोणत्या जातीचा, त्यानें काय साधावयाचें योजिलें होतें, आणि तें साधलें कीं फसलें, एवढें सर्व चार ओळींत आलें पाहिजे. शिकाऊ टीकाकार तीन ओळी कथानक सांगण्यांत घालवितो आणि चौथींत "एकदां पाहण्यास हरकत नाहीं" असें म्हणून मोकळा होतो. इतकें निरुपयोगी वाक्य मराठींत दुसरें नसेल. हरकत कोणाची? आजोबांची, नातवाची, कीं खिशाची? याउलट एखाद्या पौराणिक चित्रपटाविषयीं "भजनांसाठीं अवश्य जावें, चमत्कार मात्र डोळे मिटून ऐकावे" असें कोणी लिहिलें तर त्या दोन वाक्यांत कुटुंबप्रमुखाला हवें तें सर्व कळतें.

जाति निराळी तसा निवाड्याचा धर्महि निराळा. रहस्यपटाविषयीं लिहितांना न सांगणें हीच मुख्य कला. खुनी कोण हें तर सांगावयाचें नाहींच, पण "शेवटचा धक्का अनपेक्षित आहे" एवढें म्हटल्यानेंहि अर्धा धक्का आधींच बसून जातो. भयपटाचा निवाडा देणाऱ्यानें आपण किती धीट आहों याची जाहिरात करूं नये. भिणाऱ्या माणसाला भीति वाटेल कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. मुलांच्या चित्रपटाविषयीं प्रौढ टीकाकार बहुधा फसतो, कारण त्याला जें भाबडें वाटतें तेंच मुलांना हवें असतें. सर्वांत कठीण विनोदी चित्रपट. हंसें हें सांसर्गिक आहे. चारशें माणसें खदखदून हंसत असतां आपणहि हंसतों, आणि तोच विनोद आठदहा टीकाकारांनीं बोलावलेल्या रिकाम्या दालनांत, हातांत वही-पेन्सिल घेऊन, सकाळच्या प्रहरीं पाहिला तर तो पोरकट वाटतो. टीकाकारांसाठीं असे खास खेळ ठेवण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्यामुळें विनोदी चित्रपटांवर अन्याय होत असला पाहिजे, असा माझा जुना संशय आहे.

संक्षेपाची परमावधि पहावयाची असेल तर अमेरिकेंतील लेनर्ड मॉल्टिन यांच्या कोशाकडे वळावें. १९६९ सालीं तो प्रथम निघाला आणि त्याची शेवटची आवृत्ति २०१४ मध्यें प्रसिद्ध झाली. हजारों चित्रपट, प्रत्येकास कांहीं ओळी, वर चार तारकांपर्यंत गुण, आणि अगदींच टाकाऊ असेल त्यास 'बाँब' ही पदवी! 'इज्न्ट इट रोमँटिक?' या १९४८ च्या चित्रपटाचें नांवच प्रश्नार्थक आहे. मॉल्टिन यांचें त्यावरील संपूर्ण परीक्षण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेला एका शब्दाचा नकार. अर्थात् ही गंमत आयुष्यांत एकदांच करतां येते. पॉलीन केल या विदुषीचा मार्ग वेगळा होता. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकांत त्या लांबच लांब लेख लिहीत, परंतु त्यांचीं छोटीं टिपणेंहि १९८२ सालीं ग्रंथरूपानें निघालीं, आणि एका परिच्छेदांत माणसाचा स्वभाव उतरावा तसा चित्रपटाचा स्वभाव त्यांत उतरलेला दिसतो.

आतां खुणांविषयीं. तारका हा निरपेक्ष गुण नव्हे, हें वाचकाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. शिकागोचे रॉजर ईबर्ट हे पुलित्झर पारितोषिक मिळविणारे पहिले चित्रपटटीकाकार. तें त्यांना १९७५ सालीं मिळालें. ते स्पष्टच सांगत कीं आपल्या तारका त्या त्या जातीपुरत्या आहेत. फुटबॉलच्या धांगडधिंग्यास तीन तारका आणि एखाद्या गंभीर कौटुंबिक चित्रपटासहि तीनच. म्हणून दोन्ही सारख्याच योग्यतेचे, असें नव्हे. आपापल्या इयत्तेंत दोघांनाहि सारखे गुण मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. याच ईबर्टनीं जीन सिस्केल यांच्याबरोबर दूरचित्रवाणीवर अंगठा वर किंवा खालीं करण्याची रीत लोकप्रिय केली. दोघे प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांतले. कार्यक्रमांत चांगले कडाकडा भांडत, आणि भांडणाच्या शेवटीं अंगठा दाखवीत. ज्यांनीं भांडण ऐकलें त्यांना अंगठ्याचा अर्थ कळे. जाहिरातींत मात्र नुसते अंगठेच गेले.

अलीकडे तारका व अंगठे यांच्याहि पुढें जाऊन टक्के आले आहेत. १९९८ सालीं सेन ड्युआँग या कॅलिफोर्नियांतील विद्यार्थ्यानें 'रॉटन टोमॅटोज' हें संकेतस्थळ सुरू केलें. वाईट नटावर नासके टोमॅटो फेकण्याच्या प्रथेवरून हें नांव पडलें. येथें टीकाकारांचीं परीक्षणें एकत्र करून त्यांतलीं अनुकूल किती याचा टक्का काढतात. साठ किंवा त्याहून अधिक भरला तर चित्रपट 'ताजा', खालीं गेला तर 'नासका'. या टक्क्यानें पुष्कळ सुशिक्षितांचीहि दिशाभूल होते, म्हणून येथें थोडें थांबूं.

एका पंगतींत दहा जण जेवले असें समजा. जेवण बेताचेंच होतें, पण वाईट नव्हतें, दहाहि जण म्हणाले, "ठीक होतें." दहांपैकीं दहा अनुकूल, म्हणजे शंभर टक्के! दुसऱ्या पंगतींत आचाऱ्यानें कांहीं तरी नवें करून पाहिलें. पांच जणांनीं जन्मांत असें जेवलों नाहीं म्हणून सांगितलें, पांच जण अर्ध्या पानावरून उठले. येथें टक्का पन्नास, आणि शिक्का 'नासका'. कोणत्या पंगतीला पुन्हां जावेंसें वाटेल? टक्का सांगतो तो किती जणांना चित्रपट सुसह्य वाटला एवढें. किती आवडला तें सांगत नाहीं. 'मेटाक्रिटिक' ही दुसरी संस्था प्रत्येक परीक्षणास शंभरापैकीं गुण देऊन त्यांची सरासरी काढते. ही रीत अधिक न्याय्य आहे, परंतु सरासरींतहि पहिल्या पंगतीचा व दुसऱ्या पंगतीचा आंकडा जवळजवळ एकच पडूं शकतो. साहसी कलाकृतीचें नुकसान दोहींकडे होतें, आणि तें थोडें नव्हे: ज्या निर्मात्याला शंभर टक्क्यांची हांव सुटते तो कोणालाच न दुखावणारें जेवण वाढूं लागतो.

माझी स्वतःची रीत जुनीच आहे. एक टीकाकार धरावा आणि वर्षभर त्याचे निवाडे आपल्या अनुभवाशीं ताडून पहावे. त्याचें मत आपल्याशीं जुळलेंच पाहिजे असें नाहीं. ज्याचें मत नेमानें आपल्या उलट पडतें असा टीकाकारहि तितकाच उपयोगी. त्यानें नाक मुरडलें कीं खुशाल तिकीट काढावें. निरुपयोगी तो एकच, ज्याला सर्वच आवडतें.

अशा सर्वतुष्ट टीकाकाराचें पीक कां येतें याचें कारण उघड आहे. चित्रपटविषयक नियतकालिकें चालतात तीं बहुतांशीं चित्रपटांच्याच जाहिरातींवर. मुंबईंत १९३५ सालीं बाबूराव पटेल यांनीं 'फिल्मइंडिया' हें इंग्रजी मासिक काढलें. एका पानावर रंगीत जाहिरात आणि दुसऱ्यावर तिखटजाळ टीका असा प्रकार त्यांत चाले, आणि वाचक तें मासिक त्या तिखटासाठींच घेत. पुढें बाबूरावांनीं 'द्रौपदी' (१९४४) व 'ग्वालन' (१९४६) हे चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले. परीक्षकच परीक्षेस बसला म्हणजे त्याच्या पुढच्या निवाड्यांचें वजन किती धरावें, हा प्रश्न तेव्हांहि होता आणि आजहि आहे. फ्रान्सांत 'काय्ये द्यू सिनेमा' या मासिकांत १९५५ पासून दहा टीकाकारांचे गुण एका कोष्टकांत छापीत. निव्वळ टाकाऊ चित्रपटास काळा ठिपका. तेथील तरुण टीकाकारांपैकीं फ्रान्स्वा त्र्यूफो यांना १९५८ सालीं कानच्या महोत्सवाचें निमंत्रण मिळालें नाहीं, इतकी त्यांची लेखणी झोंबली होती. पुढच्याच वर्षीं त्याच महोत्सवांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक त्यांनीं मिळविलें! परीक्षकानें परीक्षेस बसून असें उत्तर दिलें तर तक्रारीस जागा राहत नाहीं.

सर्वांनाच इतकें स्वस्तांत सुटतां येत नाहीं. १९३७ सालीं 'वी विली विंकी' हा चित्रपट निघाला. किप्लिंगची कथा, स्थळ हिंदुस्थानची वायव्य सरहद्द, आणि नायिका नऊ वर्षांची शर्ली टेंपल. लंडनच्या 'नाइट अँड डे' या साप्ताहिकांत ग्रॅहम ग्रीन यांनीं त्यावर लिहिलें कीं या बालिकेच्या निरागसतेचा प्रौढ पुरुषांना भुलविण्यासाठीं पद्धतशीर उपयोग केला जात आहे. बालनटी व चित्रपटकंपनी यांच्या वतीनें अब्रूनुकसानीचा दावा झाला, १९३८ सालीं साडेतीन हजार पौंडांची भरपाई द्यावी लागली, आणि साप्ताहिक तर तत्पूर्वींच बंद पडलें होतें. दाव्याच्या वेळीं ग्रीन मेक्सिकोंत होते. त्यांचा रोख मुलीवर नव्हता, तिला वापरणाऱ्यांवर होता, असें आज तें प्रकरण वाचणाऱ्यास वाटल्यावांचून राहत नाहीं. पण न्यायालयांत अशा बारकाव्यांना स्थान नव्हतें.

धाकदपटशापेक्षां सोपा उपाय म्हणजे शब्द कापणें. "भव्य प्रयत्न, पण पूर्णपणें फसलेला" या वाक्यांतून "भव्य!" एवढेंच भिंतीपत्रकावर चढतें. अमेरिकेंतील सोनी पिक्चर्स कंपनीच्या जाहिरातखात्यानें त्याच्याहि पुढची मजल मारली. डेव्हिड मॅनिंग नांवाचा टीकाकारच त्यांनीं कल्पिला, कनेक्टिकटमधील एका लहानशा साप्ताहिकाचें नांव त्याच्यापुढें लाविलें, आणि आपल्या चित्रपटांवर त्याच्याकडून स्तुतिसुमनें उधळून घेतलीं. साप्ताहिकाला याची वार्ताहि नव्हती. २००१ सालीं 'न्यूजवीक'नें हें बिंग फोडलें. प्रेक्षकांनीं दावा लाविला. २००५ मध्यें तडजोड होऊन दर तिकिटामागें पांच डॉलर परत देण्याचें ठरलें. चार ओळींच्या स्तुतीची किंमत न्यायालयाच्या दारीं ठरल्याचें असें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

प्रामाणिक निवाडाहि चुकतो, तें निराळें. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५८ सालीं न्यूयॉर्कला लागला तेव्हां 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर यांना त्याची रचना इतकी विस्कळीत वाटली कीं हॉलिवूडांत ती कच्च्या जुळणींतच जमा झाली असती, असा अभिप्राय त्यांनीं दिला. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं लागलेल्या 'शोले'चें टीकाकारांनीं थंडपणेंच स्वागत केलें, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत तो पांच वर्षें चालला. लवकर निकाल देणाऱ्याला हा धोका पत्करावाच लागतो; शुक्रवारीं पाहून शनिवारीं लिहिणाऱ्यानें दहा वर्षांनंतरचें मत आजच सांगावें, ही अपेक्षाच गैर आहे.

१९६७ च्या ऑगस्टमध्यें 'बॉनी अँड क्लाइड' हा दरोडेखोरांचा चित्रपट निघाला. क्राउदर यांनीं त्याच्यावर एकदां नव्हे, अनेकदां कोरडे ओढले. 'न्यूजवीक'चे जो मॉर्गनस्टर्न यांनींहि त्यास हीन अभिरुचीचा गोळीबार ठरविलें. नंतर मॉर्गनस्टर्न पत्नीसह साध्या चित्रगृहांत, तिकीट काढून आलेल्या गर्दींत तो पुन्हां पाहण्यास गेले. प्रेक्षक कोठें हंसतात, कोठें एकाएकीं गप्प होतात हें त्यांनीं पाहिलें, आणि पुढच्याच अंकांत आपला पहिला निवाडा मागें घेऊन नवा, पहिल्याहून बराच मोठा लेख लिहिला. क्राउदर आपल्या मतावर ठाम राहिले. १९६८ च्या आरंभीं 'टाइम्स'मध्यें त्यांच्या जागीं दुसऱ्या टीकाकार आल्या, आणि त्याच सुमारास 'बॉनी अँड क्लाइड' पुन्हां प्रदर्शित होऊन गर्दी खेंचूं लागला होता.